चढवलेली चमक उतरवताना

प्रदर्शनातल्या दिव्यांखाली तो पट्टा देखणा दिसला होता. जाड कातडं, हाताने घातलेले एकसारखे टाके, पितळी बक्कल. घरी आणून खिडकीतल्या उजेडात धरला, तर शाळेच्या गॅदरिंगमधल्या राजाच्या कमरेचा वाटावा इतका चकचकीत. मला तो रोज वापरायचा होता. मग घरातली नखांचा रंग काढायची बाटली घेतली, कापूस चिंब भिजवला आणि बकलाजवळ जोर लावून घासलं. चमक गेली. तिच्याबरोबर तपकिरी रंगही गेला आणि वाळल्यावर तिथे कोरडा, पांढुरका, कडेने काळसर डाग उरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शर्ट बाहेर सोडला की डाग झाकतो, म्हणून पट्टा अजून वापरात आहे.

नंतरच्या काही वर्षांत पाकिटं, एक झोळीवजा पिशवी, जुन्या कॅमेऱ्याचं कव्हर आणि कोल्हापुरी चपलांचे दोन जोड यांच्यावरची चमक मी उतरवली. काही वेळा साधली, एकदोनदा फसली. फसली तेव्हा चूक एकच होती. चमक कशाची आहे हे न पाहताच मी बाटली उघडली होती.

कातड्यावरची चमक दोन जातींची असते. एक घोटलेली आणि दुसरी चढवलेली. घोटलेली म्हणजे किंचित ओलसर कातडं हाडाने, काचेने किंवा गुळगुळीत दगडाने दाबून, घासून आणलेली. तिथे वर काहीच नसतं. कातड्याचा पृष्ठभागच सपाट झालेला असतो आणि सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, म्हणून तो चमकतो. चढवलेली म्हणजे मेण, लाख, लॅकर, ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन यांचा थर. घोटलेल्या चमकेवर थिनर ओतणं म्हणजे नसलेल्या भिंतीला रंग देणं. उलट चढवलेला थर पाण्याने पुसत बसलात, तर हात दुखतील आणि पट्टा हसेल.

हा थर कारागीर का देतात, तेही समजून घ्यायला हवं. त्याने रंग कपड्याला लागत नाही, दुकानात हाताळून डाग पडत नाहीत आणि पावसाळी हवेत माल जरा टिकतो. शिवाय गिऱ्हाईक चमकदार वस्तूकडे आधी हात नेतं. म्हणजे थर उतरवताना तुम्ही एक संरक्षणही उतरवत असता. ते पुन्हा द्यावं लागतं, त्याबद्दल पुढे. पण थर जाड असेल तर उतरवण्याला चांगलं कारणही आहे. कातडं वाकतं, थर वाकत नाही. पट्ट्याच्या भोकांपाशी, पाकिटाच्या घडीवर बारीक तडे जातात, तड्यांतून घाम आत जातो आणि वरून लावलेलं तेल मात्र आत पोचत नाही.

आता परीक्षा. ती न दिसणाऱ्या जागी करायची. पट्ट्याचं बकलाखाली दुमडलेलं टोक, पिशवीच्या झडपेची आतली बाजू किंवा चपलेच्या पट्ट्याचा तळात शिरणारा भाग चालेल. पहिली परीक्षा पाण्याची. एक थेंब ठेवा आणि घड्याळ बघा. मिनिटाच्या आत थेंब मुरला आणि जागा गडद झाली, तर वर थर नाही, असलाच तर नावापुरता. ती जागा वाळल्यावर चमक मंद झालेली दिसली, तर ती घोटलेली होती. थेंब मोत्यासारखा बसून राहिला आणि बऱ्याच वेळाने हळूहळू खाली गेला, तर मेण किंवा तेल. पंधरा मिनिटांनीही तसाच असेल, तर लॅकर किंवा त्याचा भाऊबंद.

दुसरी परीक्षा नखाची. हलकेच ओरखडा काढा. नखाखाली मऊ, मळकट मेण आलं की निकाल लागला. तिसरी परीक्षा कापसाच्या बोळ्याची. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल बोळ्याला लावून टेकवा आणि दहा सेकंदांनी उचला. जागा चिकट झाली तर लाख किंवा मऊ ॲक्रिलिक. बोळ्यावर नुसता रंग आला तर तो कातड्याचा स्पिरिट-रंग आहे, तिथे पुढे फार जपून. काहीच झालं नाही तर तसंच ॲसिटोनने करा. आता चिकटलं तर बहुधा नायट्रोसेल्युलोज लॅकर. तरीही ढिम्म असेल, तर तो कडक जमलेला पॉलियुरेथेनचा थर समजा आणि उतरवायचा विचार सोडून द्या. सॅनिटायझर यासाठी वापरू नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. नखांच्या बाटलीतही तेल आणि सुगंध असतो, माझ्या पट्ट्याला त्याचाही प्रसाद मिळाला.

आणि या सगळ्याच्या आधी वस्तू कातड्याचीच आहे ना, ते पाहा. कापलेली कड बघा. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झीन. त्याची चमक म्हणजेच त्याचं अंग. ॲसिटोन लावलंत तर वस्तूच विरघळू लागेल. कड आतून तपकिरी, तंतुमय दिसली तर झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं, निळसर-करडी झाक असेल तर क्रोमचं. क्रोमच्या कातड्यावर बऱ्याचदा रंगच थराच्या रूपाने बसवलेला असतो. तिथे चमक आणि रंग वेगळे करता येत नाहीत. आरशासारखं पेटंट लेदर असेल तर ते तसंच वापरा किंवा कुणाला तरी देऊन टाका.

मेणापासून सुरुवात करू, कारण घरी जमण्याजोगं काम हेच आहे. हाताने केलेल्या वस्तूंवर मधमाशीचं मेण, कार्नौबा मेण किंवा दोन्हींचं मिश्रण असतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. त्यामुळे केस वाळवायच्या यंत्राने पहिलं सहज मऊ होतं, दुसरं दाद देत नाही. यंत्र वीतभर लांब धरा, सतत हलवत राहा आणि मऊ झालेलं मेण जुन्या मलमलच्या तुकड्याने टिपत चला. कातडं मात्र पूर्ण कोरडं असलं पाहिजे. सालीत कमावलेलं कातडं ओलं असताना ७० ते ८५ अंशांच्या आसपास आकसतं आणि लाकडासारखं कडक होतं, ते परत पूर्वपदावर येत नाही. पाण्याची परीक्षा केल्याकेल्या गरम हवा मारायचा मोह आवरा.

उरलेलं मेण आणि कार्नौबा टर्पेंटाईनने निघतं. रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाईन चालतं. कापड नुसतं ओलसर करायचं, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एकाच दिशेने पुसायचं आणि कापडाची मळलेली बाजू लगेच बदलायची. नाही तर इथलं मेण तिथे पसरतं एवढंच. मेण जितकं कमी तितकं चांगलं असं समजून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पुसू नका. टर्पेंटाईन कातड्यातलं तेलही ओढून घेतं.

खोगीर धुवायचा साबण यासाठी सुचवला जातो. तो हलक्या मेणावर चालतो, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. साबण अल्कधर्मी असतो आणि सालीत कमावलेलं कातडं आम्लधर्मी. म्हणून फेस करून, कमीत कमी पाण्यात, पटकन काम उरका आणि ओल्या कापडाने दोनदा पुसून घ्या. दुसरं म्हणजे त्या साबणात बऱ्याचदा मेणच असतं. वाळल्यावर ब्रश मारत बसलात, तर घालवलेली चमक नव्याने येईल. कपड्यांची पावडर, खाण्याचा सोडा आणि अमोनिया यांना या कामात थारा नाही, त्यांनी हे कातडं काळवंडतं.

लाखेचा थर आता क्वचित दिसतो, जुन्या पेट्या आणि कव्हरांवर मात्र असतो. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात. तेच स्पिरिट इथे थर उतरवतं. विशेष काही नाही.

लॅकरची गोष्ट वेगळी. ते काढायला ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, एनसी थिनर किंवा चर्मकामाच्या सामानात मिळणारं तयार डीग्लेझर लागतं. चारांपैकी सौम्य म्हणून मी इथाइल ॲसिटेटकडे आधी वळतो, कारण ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं, इतक्या झपाट्याने उडतं की विरघळलेला थर उचलायच्या आत परत जमतो. थिनर रंगाच्या दुकानात स्वस्त मिळतं, पण त्यात काय काय मिसळलंय ते डब्याडब्यागणिक बदलतं. हात दोनदा बसलेला नसेल तर ते नको.

पद्धत अशी. वस्तूचा एक पूर्ण भाग ठरवा, म्हणजे शिवणीपासून शिवणीपर्यंत. मध्येच थांबलात की तिथे डागाची कड कायमची बसते. कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळा. टेकवा, दोन श्वास थांबा, एकदा ओढा, बोळा उलटा. बोळा चिकट, चकचकीत झाला म्हणजे थर येतोय. बोळ्यावर रंग दिसू लागला की थांबा, पाच मिनिटं वाळू द्या आणि मग बघा. ओलं असताना सगळंच चमकतं, म्हणून ओल्यात निर्णय घ्यायचा नाही. पाण्याचा थेंब पुन्हा ठेवून पाहा. तो मुरू लागला की काम झालं, मग वरवर थोडी चमक दिसली तरी.

शिवणीजवळ बोळा नेऊ नका. टाक्यांच्या भोकांतून द्रावक आत झिरपतं आणि आतलं सोल्यूशन, म्हणजे दोन थर चिकटवायचा रबराचा डिंक, सोडवतं. अस्तर लावलेली पाकिटं अशीच उघडतात. कडेला रंग दिलेला असेल तर तोही सोलून निघतो. शिवणीच्या बाजूने कानातल्या काडीचा कापूस जेमतेम ओला करून फिरवा.

हे काम गच्चीत किंवा गॅलरीत करा. ॲसिटोनची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ती जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत जाते. घरात गॅस, उदबत्ती, देवघरातली समई यांपैकी काहीही पेटलेलं नको. बोळे उघड्यावर पूर्ण वाळवूनच टाका. हातात नायट्राइलचे मोजे घाला, पण ॲसिटोन त्यांतूनही लवकर शिरतं, म्हणून ओले झाले की बदला.

ॲक्रिलिकचा थर सर्वांत चिवट नसला तरी सर्वांत कंटाळवाणा. तो विरघळत नाही, फुगतो. साय धरल्यासारखा सुरकुततो आणि तुकड्यातुकड्याने येतो. खरवडायचा मोह होतो आणि खरवडलं की कातड्याची वरची कांती जाते. अशा वेळी मी थर काढत नाही, मंद करतो.

मंद करणं म्हणजे चमकणाऱ्या सपाट पृष्ठभागावर अतिशय बारीक खडबड आणायची. प्रकाश विखुरला की डोळ्याला तो भाग निस्तेज दिसतो. बाजारातल्या मॅट फिनिशमध्येही हीच युक्ती असते, त्यात सिलिकाची पूड घातलेली असते. घरी पांढरा मेलामाईन स्पंज कोरडाच, हलक्या हाताने, गोल गोल फिरवा. दर दहाबारा फेऱ्यांनी पुसून पाहा. भांडी घासायची हिरवी घासणी फार खरखरीत, तिचे ओरखडे मोजता येतात. लॅकर, ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन तिन्हींवर हे चालतं, रंग जात नाही, वासही येत नाही. दहांतल्या सहा वस्तूंना एवढंच पुरतं, हा माझा अंदाज. माझ्या त्या पट्ट्यालाही पुरलं असतं.

मात्र लोखंडी घासणी किंवा स्टील वूल कधीही वापरू नका, बाहेरच्या लोकांनी कितीही सांगितलं तरी. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाकुट्ट होतो, हे केसांना आवळा लावणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. हिरडा आणि हिराकस यांची पूर्वी शाई होत असे. तोच खेळ इथे चालतो. सालीत कमावलेल्या कातड्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. स्टील वूलचे डोळ्याला न दिसणारे कण त्यात रुततात आणि पुढे पाऊस किंवा घाम लागला की निळे-काळे ठिपके उमटतात, तेही दोन आठवड्यांनी, तुम्ही कारण विसरून गेल्यावर. ठिपके ताजे असतील तर लिंबाच्या रसात थोडं पाणी घालून कापसाने टिपा, बरेचसे फिके होतात. मग साध्या पाण्याने पुसा. लिंबाने आजूबाजूचा रंगही उजळतो, तेव्हा पूर्ण भागावर हात फिरवलेला बरा.

कोल्हापुरी चपलांना हे सगळं दुपटीने लागू होतं. त्यांचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात. चामड्याची पिशवी शिवून, टांगून, तिच्यात हा काढा भरण्याची जुनी रीत आहे. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं ते सामाईक आहे. यांतल्या अस्सल चपलेला मुळात लॅकरची गरज नसते. तेल पिऊन आणि पायाच्या घामाने तिचा रंग पिकत जातो आणि अंगठ्याखाली घोटलेली चमक आपोआप येते. ती काढू नका. वरून फवारलेली चमक असेल, तर फक्त पट्ट्यावरची मंद करा. वेणी, जर आणि लाल गोंड्याजवळ स्पिरिट नेऊ नका, गोंड्याचा रंग वेणीत उतरला की तो उतरलाच. तळाच्या वरच्या बाजूला काहीच करायचं नाही. चालत राहा, महिनाभरात पाय स्वतः थर काढतो. हे मी थट्टेने म्हणत नाही. ज्या भागाला रोज घासणी बसते तिथे वाट बघणं हाच सर्वांत सुरक्षित उपाय.

घोटलेली चमक नको असेल, तर स्वच्छ पाण्यात स्पंज भिजवून, पिळून पूर्ण भाग एकसारखा दमट करा आणि सावलीत वाळू द्या. कातड्याचे तंतू फुगून वर येतात, कांती उठते, चमक बसते. एकाच जागी थेंब पडू देऊ नका. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको.

थर गेल्यानंतर कातडं उपाशी असतं. निदान एक दिवस तसंच ठेवा, म्हणजे द्रावकाचा अंश उडून जाईल. मग कापडावर तेलाचे चारपाच थेंब घेऊन पातळ हात द्या. नीट्सफूट तेल मिळालं तर उत्तम. नाही तर तिळाचं तेल, अगदी थोडं. खोबरेल घरात असतंच, पण ते सुमारे २४ अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंडीत कातड्यावर पांढरी झाक येऊ शकते. जवसाचं तेल टाळा. ते वाळून कडक होतं आणि चमकतंही, शिवाय त्याचे बोळे घडी करून ठेवले तर आपोआप तापून पेटू शकतात. तेलाने रंग एक छटा गडद होणारच, त्यासाठी तयार राहा. फिका झालेला भाग उरलेल्या भागाशी जुळवायला दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ हात लागतो.

आता पांढऱ्या कोरड्या फडक्याने जोर लावून घासा. फडक्याला रंग लागत असेल, तर धुतलेल्या पांढऱ्या शर्टालाही लागेल. फडकं स्वच्छ निघेपर्यंत घासत राहा आणि शेवटी मधमाशीच्या मेणाचं बोटभर मलम चोळून, अर्ध्या तासाने जादाचं पुसून टाका. ब्रश मारायचा नाही. मेण कातड्यात मुरलं पाहिजे, वर दिसता कामा नये.

हे काम आषाढ-श्रावणात काढू नका. कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. दमट हवेत कातडं वाळत नाही, लॅकर काढलेल्या आणि तेल लावलेल्या वस्तूवर आठवड्यात हिरवट बुरशी धरते. दसऱ्यानंतरची कोरडी हवा यासाठी चांगली.

पुढची वस्तू करून घ्यायची असेल, तर कारागिराला आधीच सांगा. कोल्हापुरात असो वा धारावीत, शेवटचा हात शेवटीच दिला जातो, त्यामुळे ऑर्डर देताना ‘वर काही मारू नका, नुसतं घोटून द्या’ एवढं म्हटलं तरी भागतं. काहींना ते अपुरं काम वाटतं. मागच्या खेपेला मी असं सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्या कारागिराने पट्टा उलटसुलट करून पाहिला, ‘मग लोकांना नवा कसा वाटणार?’ असं विचारलं आणि पैसे मात्र तेवढेच घेतले.